गॅरंटीतला गंज

माझ्या सासरच्यांनी हुंडा घेतला नाही. आम्ही तसले नव्हेत, असं लग्नाच्या बैठकीत त्यांच्याकडच्या प्रत्येक मोठ्या माणसाने आळीपाळीने सांगितलं. मग पानं लावली, सुपारी कातरली आणि स्कूटर मागितली. स्कूटर म्हणजे हुंडा नव्हे, ती जावयाची हौस. हुंड्याला नाही म्हणता येतं, हौसेला कोणत्या तोंडाने म्हणणार?

माझ्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, लगेच होकार दिला, कारण त्यांच्याजवळ देण्याजोगी तेवढी एकच वस्तू होती. ते पारनेरच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. त्या काळी स्कूटर दुकानात जाऊन आणता येत नसे. नंबर लावायचा आणि विसरून जायचं. मी परकर-पोलक्यात असताना त्यांनी नंबर लावला होता. का लावला, ते त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हायस्कुलातल्या बाकीच्या मास्तरांनी लावला, म्हणून यांनीही लावला. पुढे बाकीच्यांनी कंटाळून नाद सोडला, हे मात्र चिकटून राहिले. ‘आधी गाडी येते का जावई येतो ते बघू,’ असं आई म्हणायची. दोघंही एकाच वैशाखात आले.

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. बहात्तरचा मोठा दुष्काळ अजून यायचा होता, पण पारनेरकरांना त्याचं काय कौतुक? आमच्याकडे तो दरवर्षी चक्कर टाकून जायचा. सासर माझं बेलापूरला. तिथे भंडारदऱ्याचं पाणी कालव्याने पार शेताच्या बांधाशी येतं, आणि ऊस असा माजतो की त्यात शिरलेलं माणूस हाका मारून शोधावं लागतं. पोरीने नशीब काढलं, असं पारनेरच्या बायका म्हणाल्या. काढलंच. पण कोरड्या गावाचंही एक सुख असतं, ते मला बेलापूरला गेल्यावर कळलं. पारनेरला लोखंड गंजत नाही. गंजायला पाणी लागतं, आणि आम्हाला तेच प्यायला पुरत नव्हतं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या तरुणपणीच विधवा झाल्या, आणि त्यानंतर सगळी शेती त्यांनी एकटीने ओढली. कालव्याचं पाणी सोडणारा पाटकरी असो की ऊसतोडीचा मुकादम, त्यांच्यासमोर तो टोपी काढून उभा राही. सकाळी मिश्री लावून झाली की त्या बोलायला सुरुवात करत, आणि ते थेट रात्री अंथरुणावर पडेपर्यंत चाले. एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचे हे, श्रीरामपूरला एका सोसायटीत कारकून होते. आईने सगळं बोलून टाकल्यामुळे यांच्या वाट्याला फारसं बोलणं उरलेलं नव्हतं. नवरा म्हणून ते मला सोयीचं पडलं, पण संकटात मात्र त्यांचा काडीचा उपयोग होत नसे.

आत्याबाईंच्या लेखी घरात दोन प्रकारचे जीव होते. एक, ज्यांना जपायचं. दुसरे, ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं. स्कूटर पहिल्यांत गेली, मी दुसऱ्यांत. लग्नाची वरात आली तेव्हा त्यांनी स्कूटरच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं, दिव्याला कुंकू लावलं, मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली आणि मग त्यांना आठवलं की सूनही आली आहे.

फिकट निळ्या रंगाची ती गाडी गावातली पहिली नवीकोरी स्कूटर. पोळ्याला आत्याबाईंनी तिला बैलांच्या रांगेत उभी केली. हँडलला बेगड, आरशाला गोंडे आणि पाय ठेवायच्या जागी पुरणपोळीचा नैवेद्य. बैलांनी आपापल्या पोळ्या खाल्ल्या. स्कूटरची पोळी शेजारच्या शेळीने उचलली. आत्याबाईंना तेवढ्यानेही बरं वाटलं. कुणाच्या का होईना, मुखात पडली.

बैलांना झूल असते, मग गाडीला का नको, असं त्यांच्या मनात आलं आणि त्या कामाला लागल्या. उसाला घालायला सल्फेट नावाचं खत असायचं, साखरेसारखं पांढरं. त्याची तागाची पोती गोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवलेली होती. त्यातली चांगली निवडून त्यांनी मेथीच्या वाफ्यात झटकली, म्हणजे तळाचं खतही फुकट जायला नको. धुतली नाहीत, कारण धुतलं की ताग कुजतो. मग दाभण आणि सुतळी घेऊन ओट्यावर बसल्या, आणि त्यांनी अशी देखणी झूल शिवली की मी मनातल्या मनात का होईना, त्यांना मानलं. हँडलसाठी दोन भोकं, कडेने लाल चिंध्यांची झालर. हे संध्याकाळी श्रीरामपूरहून आले की गाडीवर झूल पडायची. पेट्रोल उन्हाने उडून जातं, असं आत्याबाईंना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा दिवसभर तापून आलेल्या गाडीच्या झुलीवर त्या तांब्याने पाणी शिंपडायच्या, आतलं पेट्रोल निवावं म्हणून. रविवारी तर हे सत्र दिवसभर चाले. मला डोकं दुखतं म्हणून कधी कुणी ओली पट्टी लावली नाही, पण ते असो.

दसऱ्याला हे पूजेसाठी गाडी धुवायला बसले. मडगार्डावर बोट फिरवताना त्यांना रंगाखाली फुगवटा लागला. पापड भाजताना येतात तसे फोड. त्यांनी नखाने एक दाबला. रंगाचं टरफल निघालं आणि तांबडा भुगा बोटाला आला. मग खालची कडा बघितली, मग मागचा पत्रा. जिथे हात लावावा तिथे भुगा. हे उकिडवे बसले होते, ते तसेच बसून राहिले. मला हाक मारायचीही त्यांची छाती झाली नाही.

संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्यांनी गाडी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी पारासमोरच्या हॉटेलात निकाल लागला. जुनी गाडी वरून रंग मारून दिली. मास्तरकी करणाऱ्याला नवी गाडी कुठून मिळणार? त्या हॉटेलात चहा पिणाऱ्या एकालाही स्कूटर चालवता येत नव्हती, पण गाडीचं वय सगळ्यांना सांगता येत होतं.

आत्याबाईंनी ते ऐकलं आणि घरी येऊन मला पुढ्यात उभी केली.

“तुज्या बापानं आमाला म्हातारा बैल दिला, शिंगं रंगवून,” त्या म्हणाल्या. “आता असं कर. दिवाळसनाला म्हायेरी जाशील, तवा गाडी बी संगं ने. नवी घिऊन ये. न्हाईतर दोघी तितंच ऱ्हावा.”

दोघी म्हणजे मी आणि स्कूटर.

मी तापट आहे, हे मी कधी नाकारलेलं नाही. त्या रात्री मी भाकऱ्या थापल्या त्या आवाजाने शेजारची कुत्री भुंकली. माहेरी राहावं लागेल याची भीती नव्हती असं नाही, होती. पण माझा जीव जळत होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. माझ्या बापाने उभ्या आयुष्यात कुणाला फसवलं नव्हतं. परीक्षेत पोरांना अर्धा गुण द्यायचा की नाही, यावर ते अर्धा तास घालवायचे. त्यांच्याजवळ नावाशिवाय दुसरी काही इस्टेट नव्हती, आणि ते नाव आता बेलापूरच्या हॉटेलात चहाबरोबर भज्यांसारखं खाल्लं जात होतं.

मी पारनेरला कार्ड टाकलं. गाडीची सहा महिन्यांची गॅरंटी अजून संपायची होती. नंबर लावून मिळालेली गाडी तेव्हा काही काळ दुसऱ्याच्या नावावर करता येत नसे, त्यामुळे गॅरंटीचे धनीही वडीलच. ते थेट नगरला एजन्सीत गेले.

एजन्सीवाला म्हणाला, गॅरंटी इंजिनाची असते, पत्र्याची नसते. वडिलांनी गॅरंटीचं पुस्तक काढून त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे कंपनीने छापलंय, आम्ही नाही. वडील बरं म्हणाले, तिथल्याच बाकावर बसले आणि पिशवीतून सहामाहीचे पेपर काढून तपासायला लागले. आपला नंबर कुठवर आला ते विचारायला दिवसभर माणसं यायची. प्रत्येकजण विचारायचा, मास्तर, तुम्ही इथे कसे? की वडील लाल पेन्सिल खाली ठेवून त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचे. तोच धडा वर्षानुवर्षं न कंटाळता शिकवायची सवय त्यांना होतीच. दुसऱ्या दिवशीही ते पेपर घेऊन आले. तेव्हा मात्र एजन्सीवाल्याने हात जोडले. पुण्याहून कंपनीचा इन्स्पेक्टर फेरीवर येणार होता, त्याला बेलापूरला पाठवतो म्हणाला.

तो आला दिवाळीच्या आधीच्या रविवारी. एजन्सीच्या जीपमधून एक तरुण उतरला. गॉगल, कानाखाली उतरलेले कल्ले आणि खाली घेर असलेली विजार. आमच्या दारात उतरल्या उतरल्या विजारीचा घेर शेणात बुडला आणि त्याची निम्मी ऐट तिथेच संपली. वडील त्याच्या आधीच एसटीने येऊन पोचले होते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, या रिवाजाप्रमाणे त्यांनी पारनेरहून भाकरी बांधून आणली होती आणि ती बाहेरच कडुलिंबाखाली बसून खाल्ली होती. अंगणात निम्मं गाव जमलं होतं. हॉटेलवाले तर हॉटेल बंद करून आले होते.

इन्स्पेक्टरने अंगणात वर्तमानपत्र अंथरलं आणि तो त्यावर उताणा होऊन गाडीखाली सरकला. किल्लीने इकडे खरवड, तिकडे खरवड. बराच वेळ झाला तशी गर्दी कुजबुजायला लागली. मग आतून त्याचा आवाज आला.

“ही गाडी कोकणात होती का हो? समुद्राजवळ?”

अंगणात एकदम कालवा उठला.

“आगं बया! म्हमईची जुनी गाडी हाय म्हना की!” हॉटेलवाला म्हणाला.

“मी काय म्हनलं हुतं?” दुसरा म्हणाला. खरं तर तो तसं काहीच म्हणाला नव्हता.

आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पदर घट्ट ओढून घेतला. वडील उभेच होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. “गाडी नगरच्या एजन्सीतून लग्नाच्या मांडवात आणि मांडवातून इथे आली आहे,” ते म्हणाले. पण आवाज वर्गातला नव्हता.

इन्स्पेक्टर बाहेर आला, अंग झटकलं. “समुद्राकाठच्या गाड्यांना असा गंज चढलेला पाहिलाय मी. पण तोसुद्धा इतक्या लवकर नाही. गाडी ठेवता कुठे तुम्ही?”

हा प्रश्न आत्याबाईंना फार आवडला. आपण गाडी किती जपली, हे सांगायची संधी त्या केव्हापासून शोधत होत्या. त्या गर्दी बाजूला सारत गोठ्यात गेल्या आणि झूल दोन्ही हातांवर घेऊन आल्या.

“अशी उघडी न्हाई ठेवत आमी. लेकरावानी जपलीया. ही बगा, सवता शिवली. अन् पानी मारतो रोज वरनं.”

“पाणी?”

“म्हंजी काय! पेट्रोल न्हाई का तापत?” त्यांनी झूल गाडीवर घातली, झालर सारखी केली आणि माझ्या हातातला तांब्या ओढून घेऊन दोन ओंजळी शिंपडूनही दाखवल्या.

इन्स्पेक्टरने झुलीचं टोक बोटात धरून चोळलं. मग नाकाशी नेलं. “ही पोती कशाची?”

“सल्पेटची. चांगली जाड हाईत.”

मी वडिलांकडे पाहिलं. शास्त्राच्या मास्तराला सांगायची गरज नव्हती, त्यांना कळून चुकलं होतं. खरं सांगायचं तर मलाही कळलं. मी त्यांच्याच वर्गात शिकले होते. ह्यांना कळलं की नाही कोण जाणे, पण ते एकाएकी उसाकडे तोंड करून पिकाचा अंदाज घ्यायला लागले. कळलं नव्हतं ते एकट्या आत्याबाईंना. त्या झुलीवरून हात फिरवत इन्स्पेक्टरच्या शाबासकीची वाट बघत उभ्या होत्या.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. आनंद झाला. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. माझा बाप सुटला होता, आणि जी बाई त्याला घालून पाडून बोलली होती, तिचीच झूल तिच्या हाताखाली होती, आणि निम्मं गाव बघायला हजर होतं. मी इन्स्पेक्टरच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बोल बाबा, लवकर बोल.

त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वडील बोलले.

“चूक माझी आहे.”

सगळे त्यांच्याकडे वळले.

“विहीणबाईंना मीच सांगितलं होतं लग्नात. गाडीवर गोणपाट घालत जा, ओलं ठेवत जा. आमच्याकडे पाण्याच्या माठांना तसंच करतात, त्यावरून सुचलं. खताच्या पोत्यात क्षार राहतो, पाणी पडलं की तो पत्रा खातो, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी मी सांगितलं तसं केलं.”

इन्स्पेक्टर गोंधळला. “आपण हायस्कुलात असता ना? काय शिकवता?”

“शास्त्र,” वडील म्हणाले.

अंगण फुटल्यासारखं हसलं. “आन् पोरास्नी काय शिकवत्यात मग!” असं कुणीतरी मागून ओरडलं, त्यावर पुन्हा हशा. वडीलही हसले. नापास झालेली पोरं निकालाच्या दिवशी हसतात तसं.

मग इन्स्पेक्टरने रीतसर सांगितलं. गाडी नवी होती, गाडीत दोष नाही, खताने पत्रा खाल्लाय, तेव्हा गॅरंटी लागू नाही. ते कुणी धड ऐकलंही नाही. लोकांना दुसरी गोष्ट मिळाली होती. फसवा मास्तर गेला आणि खुळा मास्तर आला.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. इन्स्पेक्टरसाठी चहा टाकायचा होता. मी चुलीत लाकडं अशी कोंबली की जाळाऐवजी नुसता धूर झाला. राग मला आत्याबाईंचा नव्हता. त्यांना तर अजूनही अर्धवटच उमगलं असावं. राग आला होता बापाचा. दोन दिवस त्या बाकावर बसला कशाला? एवढी वर्षं जपलेलं नाव असं दुसऱ्याच्या झुलीखाली घालायचं होतं, तर मला तरी विचारायचं.

मागे पाऊल वाजलं. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“लग्नात तुजा बाप माज्याशी काय बोलला, ठावं हाय?” त्या म्हणाल्या. “‘पोरगी तापट हाय, संबाळून घ्या.’ बास. झुलीबद्दल चकार शबूद न्हाई.”

“कसा असेल? ती झूल दादांनी आज पहिल्यांदा पाहिली.”

“ते माज्या ध्येनात हाय. मी इचारते, खोटं का बोलला?”

“मला या घरात राहायचंय म्हणून.”

त्या उंबरा ओलांडून आत आल्या. मग म्हणाल्या, “म्हंजी खरं कळल्यावर मी तुला छळीन, आसं वाटलं व्हय त्याला? मी काय आशी बाई हाय?”

धुराने माझे डोळे भरले होते, डोकंही ठिकाणावर नव्हतं. मी चुलीसमोरून उठले. “दिवाळीला दोघी तिथंच ऱ्हावा, असं कोण म्हणालं होतं, आत्याबाई?”

बोलून गेले. सुनेने असं बोलायचं नसतं, तेही अंगणात गाव जमलेलं असताना. त्यांचा चेहरा आवळला. त्या पुढे आल्या, तेव्हा वाटलं आता कानफटात बसते. त्यांनी मला बाजूला केलं, चुलीतली दोन लाकडं बाहेर ओढली, फुंकणीने एकच फुंकर घातली, जाळ केला आणि पदर खोचत बाहेर गेल्या.

बाहेर लोक पांगायला लागले होते. आत्याबाई ओट्याच्या कडेला उभ्या राहिल्या. कालव्यापलीकडच्या गड्याला हाक मारायचा त्यांचा एक आवाज होता, तो त्यांनी लावला.

“थांबा रं समदी! जाऊ नगा! झूल म्या शिवली. माज्या डोस्क्यातनं. पोती बी म्याच काडली आन् पानी बी म्याच मारलं. इवायानं मला कायबी सांगितल्यालं न्हाई. गाडी नवी हुती, कोरी हुती, ती म्या खाल्ली. आता जा आन् हाटेलात सांगा!”

हॉटेलवाला पायातली वहाण नीट करत बसला.

मग त्या वडिलांकडे वळल्या. “आन् इवाई, तुमी. मला कुनाचं उपकार सोसत न्हाईत. लेकीच्या बापाचं तर मुळीच न्हाईत. पुन्यांदा माज्या दारात माज्यासाटी खोटं बोलू नगा.”

“चुकलं,” वडील म्हणाले. आता खरंच ते वर्गात उभं केलेल्या पोरासारखे दिसत होते.

“दिवाळीला पोरगा हीच गाडी घिऊन पारनेरला यील. पोरीला मागं बसवून. आनि दिवाळी झाली की तिला माघारी घिऊन यील. कळलं?” हे ह्यांना होतं. ह्यांनी उसाकडची मान इकडे वळवून होकार दिला.

इन्स्पेक्टर चहा पिऊन, विजार धुऊन जीपमध्ये बसला आणि गेला. वडील पिशवी घेऊन उठले. श्रीरामपूरच्या स्टँडवरून त्यांना नगरची एसटी गाठायची होती. मी वेशीपर्यंत सोबत निघाले. वाटेत त्यांच्याशी भांडायचं, असं मी ठरवलं होतं. चार वाक्यं तयारही होती. पण आम्ही फाटकाशी पोचतो तो आत्याबाईंनी मागून हाक मारली.

“चालत न्हाई जायचं. आरं ए, गाडी काड. इवायास्नी ष्टँडावर सोड.”

ह्यांनी झूल काढून टाकली आणि गाडी बाहेर आणली. उजेडात तिचे सगळे फोड दिसत होते. हे पुढे बसले. वडील मात्र गाडीशेजारी उभेच. त्यांनी आधी डावा पाय उचलला, खाली ठेवला. मग उजवा उचलला. धोतर सावरलं. पुन्हा डावा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस या गाडीवर कधी बसलाच नव्हता. मीटरवर एकसुद्धा मैल पडायला नको, नवी म्हणजे नवी द्यायची, म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी ती एजन्सीतून ट्रकमध्ये घालून आणली होती, आणि ट्रकपासून मांडवापर्यंत हाताने ढकलत नेली होती. माझं सगळं लहानपण ज्या गाडीची वाट बघण्यात गेलं, तिच्या सीटला त्यांचा हात लागला होता, पण अंग कधी टेकलं नव्हतं.

माझी चारही वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांचा दंड धरला आणि त्यांना गाडीवर बसवलं. मग पिशवी मांडीवर ठेवली. ते एसटीत बसावं तसे ताठ बसले. नंतर गाडी हलली तसे त्यांनी दोन्ही हातांनी जावयाचे खांदे धरले.

“पारावरनं जा रं!” आत्याबाई फाटकात येऊन ओरडल्या. “हाटेलापुढनं!”

गाडी पाराकडे वळली. हॉटेलवाले आणि त्यांचं गिऱ्हाईक अजून दार उघडून आत शिरतच होते, ते सगळे वळून बघायला लागले. वडील मागे बघत नव्हते. पण त्यांची पाठ मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि ती पाठ हसत होती. मी फाटकाला धरून रडायला लागले. माझ्या शेजारी उभं राहून आत्याबाईंनी तोंडाशी हाताचा कर्णा केला.

“आरं हळू! आजून हळू! गंज बी दिसू दे की त्यास्नी!”